सीबीसी: रक्तपेशींचा हिशेब

सीबीसी म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांची मोजणी. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. नळीतल्या ईडीटीएमुळे ते गोठत नाही. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही.

अहवालात नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ते पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गर्भवतींमध्ये साधारण ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. पण कारण कळायला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, पाहावे लागते. ते ८० फेम्टोलिटरपेक्षा कमी असेल तर बहुधा लोहाची कमतरता असते, १०० पेक्षा जास्त असेल तर बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेचा विचार होतो. पेशी लहान, पण त्यांची संख्या भरपूर असेल, तर थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यावी. लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला हे कळणे फार मोलाचे असते.

पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. जिवाणूंच्या संसर्गात त्यांतील न्यूट्रोफिल वाढतात, जंत किंवा अ‍ॅलर्जीत इओसिनोफिल.

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. डेंगीत त्या झपाट्याने घटतात. मात्र कधी कधी नळीतच त्यांच्या गुठळ्या होऊन आकडा खोटा कमी दिसतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासून खात्री करावी लागते.

मर्यादेच्या किंचित बाहेरचा एखादा आकडा म्हणजे आजार नव्हे. जुने अहवाल जपून ठेवावेत आणि डॉक्टरांना सोबत दाखवावेत.