विश्लेषण : न ऐकलेला शब्द ऐकल्यासारखा का आठवतो?

नवतपा, घाम, कूलर, माठ, पन्हे, दुपट्टा, गॉगल, सावली, चटके, वाळा, दुपार, टोपी, तहान, लू, उष्माघात. नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातले हे १५ शब्द एकदा वाचा आणि यादी झाका. आता सांगा, ‘माठ’, ‘खुर्ची’ आणि ‘ऊन’ यांपैकी कोणते शब्द यादीत होते? ‘खुर्ची’ नव्हता, हे लगेच कळते. ‘ऊन’ मात्र होता, असे वाटण्याची शक्यता मोठी. प्रत्यक्षात तो यादीत नाही.

हा प्रयोग कोणाचा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स डीस यांनी १९५९ मध्ये अशा याद्या वापरल्या. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये त्यांना नवे रूप दिले. त्यांच्या १५ शब्दी याद्यांत न ऐकलेला मुख्य शब्द सहभागींनी सुमारे ५५ टक्के वेळा लिहिला. तो शब्द उच्चारला गेल्याचे आपल्याला नेमके आठवते, असेही अनेकांनी सांगितले. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘डीआरएम’ म्हणून ओळखली जाते.

असे का होते?

एक शब्द ऐकला की मनात त्याचे संबंधित शब्दही जागे होतात. १५ शब्द एकाच शब्दाकडे बोट दाखवू लागले की तो वारंवार मनात येतो. नंतर तो कानांनी ऐकला की मनातच आला, याची सरमिसळ होते. दुसरे स्पष्टीकरण असे, की तपशील लवकर पुसट होतो, पण आशय टिकतो. म्हणूनच या चाचणीत लहान मुलांपेक्षा प्रौढ अधिक चुकतात. मुलांना यादीतले समान सूत्र तितके चटकन सापडत नाही.

आधी सावध केले तर?

चुका कमी होतात, पण थांबत नाहीत. त्यामुळे हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. आशय टिपणाऱ्या स्मृतीचीच ही दुसरी बाजू आहे.

न्यायालयाशी संबंध काय?

नागपूर असो वा अन्य शहर, खटल्यात साक्षीदाराच्या स्मृतीवर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते. शब्दांची यादी आणि डोळ्यांदेखत घडलेली घटना यांत फरक आहे. त्यामुळे या प्रयोगावरून कोणताही साक्षीदार चुकीचा ठरत नाही. पण सांगणाऱ्याचा ठामपणा हा सत्याचा पुरावा नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते.

कायद्यातही ही सावधगिरी दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार सरतपासणीत उत्तर सुचवणारे प्रश्न, विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास, न्यायालयाच्या परवानगीविना विचारता येत नाहीत. ओळख परेडमध्ये संशयिताला मिळत्याजुळत्या व्यक्तींसोबत उभे केले जाते, तेही यासाठीच. ‘त्याच्या हातात चाकू होता ना?’ आणि ‘त्याच्या हातात काय होते?’ या दोन प्रश्नांतले अंतर म्हणूनच मोलाचे आहे.