ध्वनीची लिपी

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होय. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळी सरली की या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके रंगतात. पूर्वी त्यांतील गाणी पहाटेबरोबर विरून जात. आता ती ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात. परंतु ध्वनी साठविला म्हणजे तो टिकलाच असे नव्हे. पुढे तो कोणालाही ऐकता आला, तरच तो टिकला.

संगणक ध्वनी अंकांच्या रूपाने साठवितो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या ध्वनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घ्यावे लागते. एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. म्हणून कानाला न जाणवणारा भाग गाळून उरलेला संक्षेपाने लिहिण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांपैकी एमपीथ्री ही विशेष प्रसिद्ध होय. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा तिच्या घडणीत मोठा वाटा आहे. या पद्धतीने तेच मिनिट सुमारे १ मेगाबाइटमध्ये मावते.

अशी प्रत्येक पद्धत ही जणू ध्वनीची एक लिपीच होय. मोडी न जाणणाऱ्याच्या हाती मोडीतील कागद पडला, तर तो त्याच्यापुरता मुकाच राहतो. ध्वनीच्या बाबतीत ही लिपी उलगडणाऱ्या आज्ञावलीस ‘कोडेक’ म्हणतात. मोडी शिकण्यास कोणाचा परवाना लागत नाही. ध्वनीच्या कित्येक लिप्यांवर मात्र मालकी असते. काहींची रचना कंपन्या गुप्त ठेवतात. काहींची रचना उघड असूनही तिच्यावर पेटंट असते आणि ती वापरणाऱ्या आज्ञावलीच्या निर्मात्यास शुल्क द्यावे लागते.

मुक्त संगणकप्रणालींची अडचण येथेच सुरू होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला लिनक्स हा गाभा यांतून अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. त्या कोणीही वापराव्यात, तपासाव्यात, सुधाराव्यात आणि इतरांस वाटाव्यात, असा त्यांचा नियम आहे. जी वस्तू कोणीही कितीही वेळा वाटू शकतो, तिच्या प्रत्येक प्रतीचे शुल्क कोण भरणार? त्यामुळे फेडोरासारखी प्रणाली अनेक वर्षे एमपीथ्री वाजविण्याच्या सोयीवाचून वितरित होत असे. ही सोय हवी असणाऱ्यास कोडेक अन्य ठिकाणाहून आणून बसवावा लागे.

पेटंटला मुदत असते. ती सरत आल्यावर २०१६ साली फेडोरात एमपीथ्री वाजू लागली. २३ एप्रिल २०१७ रोजी तिचे परवाने देण्याची व्यवस्थाही संपली आणि ही लिपी सर्वांची झाली. तथापि, नव्या पद्धतींपैकी अनेकींवर आजही पेटंटे आहेत. आणि गुप्त रचनेला तर मुदतच नसते.

याउलट, प्रारंभापासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या लिप्याही आहेत. ओपस ही २०१२ साली प्रमाणित झालेली पद्धत ध्वनी थोड्या जागेत साठविते. फ्लॅक ही पद्धत जागा अधिक घेते, पण ध्वनीचा कोणताही अंश गाळत नाही. एकदा गाळलेला भाग पुन्हा मिळत नाही. म्हणून मूळ प्रत फ्लॅकमध्ये राखणे आणि ऐकण्यासाठी वेगळी लहान प्रत करणे हिताचे असते. शेतकरी खाण्याचे धान आणि बियाण्याचे धान वेगवेगळे ठेवतो, तसेच हे आहे. झाडीपट्टीचे सूर अशा खुल्या लिपीत राखले, तर पुढील पिढीला ते कोणाचीही परवानगी न मागता ऐकता येतील.