फळमाशीचें स्वयंवर

कारलीं, दोडके, काकड्या, भोपळे लावणाऱ्या बागाइतदारांस फळमाशी नवी नाहीं. मादी कोवळ्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते, आंत अळ्या होतात व फळ सडून गळतें. हें नुकसान सर्वांस दिसतें. परंतु ही मादी आपला नर कसा निवडते, व परिस्थिति पालटली म्हणजे तिची निवड कशी पालटते, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. याच निवडीमुळें कीडनिवारणाच्या एका मोठ्या उपायास बाध येऊं लागला होता. ती हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दिवेलागणीच्या सुमारास या माशीचे नर झाडाझुडपांवर जमतात. प्रत्येक नर एकेक पान धरून बसतो, दुसरा आल्यास त्यास हुसकून लावतो, पंख थरथरवून गुणगुण करितो व एक प्रकारचा वास सोडतो. माद्या तेथें येतात, परीक्षा करितात आणि नापसंत नरास सोडून निघून जातात. हें एक स्वयंवरच होय.

आतां ज्या ठिकाणीं या निवडीचा प्रश्न निकडीचा झाला, तें ठिकाण म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटें. या माशीमुळें तेथील कारलीं-काकड्या जपानच्या मुख्य बेटांवर पाठविण्यास बंदी होती. १९७२ सालीं निर्मूलनाचें काम सुरू झालें. उपाय असा कीं, कारखान्यांत माशा वाढवावयाच्या, कोशावस्थेंत त्यांवर कोबाल्टाचे किरण सोडून त्या निर्बीज करावयाच्या व मग शेतारानांत सोडावयाच्या. रानांतील मादीचा निर्बीज नराशीं संयोग झाला तर तिच्या अंड्यांतून अळ्या निघत नाहींत, आणि पिढीगणिक कीड घटत जाते. या रीतीनें कुमे बेटावरून १९७८ सालीं माशी नाहींशी झाली.

परंतु कारखान्याच्या पिंजऱ्यांत दाटी फार. तेथें मादीस निवडीला वाव नाहीं, आणि नरास आर्जव करण्याचें कारण नाहीं. शिवाय लवकर वाढणाऱ्या व लवकर अंडीं देणाऱ्या माशांचीच पैदास तेथें अधिक होते. अशा नरांच्या रीतिभाती रानांतील नरांहून हळूहळू वेगळ्या होतात.

इकडे रानांतही फेरफार घडत होता. जी मादी समोर येईल तो नर पत्करी, तिचा वंश खुंटे. जी चोखंदळ असे, तिचीच संतति मागें राहे. हिबिनो व इवाहाशी या शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलें कीं, ओकिनावा बेटावर निर्बीज नरांस नाकारणाऱ्या माद्या दिसूं लागल्या आहेत. माशी कांहीं विचार करून असें करीत नाहीं. पूर्वीं ज्या चोखंदळपणाचा विशेष लाभ नव्हता, तोच नव्या परिस्थितींत वंश राखणारा ठरला, इतकेंच.

सोडलेल्या नरांची गणती कागदावर कितीही भरो; मादीनें स्वीकारले तेवढेच कामास आले. तरीही तें कार्य तडीस गेलें, कारण एकाच उपायावर भिस्त ठेविली नव्हती. आधीं विषारी आमिषानें रानांतील नर कमी केले, मग निर्बीज नर प्रचंड संख्येनें सोडले. १९९३ सालीं शेवटच्या याएयामा बेटांवरूनही माशी हटली, व ओकिनावाच्या कारल्यांस जपानभर बाजार खुला झाला.

आपल्याकडे निर्बीज नर सोडीत नसले, तरी क्यू-ल्यूरचे सापळे पुष्कळ शेतकरी लावितात. त्यांत केवळ नर सांपडतात, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांस पुरतो. म्हणून सापळे टांगून स्वस्थ बसूं नये. किडकीं व गळालेलीं फळें रोज वेचून खोल पुरावीं, आणि शेजारच्या मळेवाल्यांसही त्याच वेळीं तसें करावयास लावावें. ज्या एका उपायावर आपण सारा भार टाकतों, त्यांतून निसटणाऱ्या किडीचीच आपण नकळत पैदास करीत असतों.