तेरा हजार फुटांचा हिशेब

निमगाव केतकीच्या पानमळ्यांवरून शिकाऊ विमान गेले तर आता कोणी मान वर करत नाही. बारामतीला वैमानिक घडवणारी शाळा आहे आणि तिथली छोटी विमाने इंदापूर तालुक्यावर घिरट्या घालत असतात. जुलै २०२२ मध्ये असेच एक विमान कडबनवाडीच्या शेतात कोसळले होते. शिकाऊ वैमानिक मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. तेव्हा विमान उडवायला शिकायचे असेल तर कुठे जायचे, हे इथल्या पोरांना सांगावे लागत नाही. पण उडत्या विमानातून बाहेर उडी घ्यायला शिकायचे असेल तर?

या प्रश्नावर पहिले नाव निघते ते पुण्याच्या शीतल महाजन यांचे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली, साधारण २,४०० फुटांवरून, उणे ३७ अंश तापमानात. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. पुढे २००६ मध्ये दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडात नऊवारी नेसून उडी झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. शाळेच्या स्नेहसंमेलनात यातला पहिला प्रसंग रंगवून सांगतात, आणि तो आहेच तसा. फक्त कुणी त्याला अभ्यासक्रम समजू नये. सरावाशिवाय पहिली उडी थेट ध्रुवावर, हा अपवाद आहे. बाकी सगळ्यांची वाट रटाळ आणि खर्चिक असते, आणि खर्च कशाचा होतो हे आधी समजून घेतलेले बरे.

खर्च खाली येण्याचा नसतो, वर जाण्याचा असतो. उडी साधारण तेरा हजार फुटांवरून, म्हणजे जवळपास चार किलोमीटर उंचीवरून घेतात. तिथपर्यंत चढायला मोठे विमान असेल तर पंधरा-वीस मिनिटे, लहान असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. मोकळे पडणे मिनिटभराचे. इंधन, वैमानिक आणि इंजिनाची झीज यांचे पैसे विमानातली माणसे वाटून घेतात. अमेरिकेतल्या गजबजलेल्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, वीस जण एका फेरीत जातात, म्हणून परवाना असलेल्याला एक उडी तीस-पस्तीस डॉलरांत पडते. आपल्याकडे विमान भरायलाच माणसे नाहीत. हरियाणातल्या नारनौलची धावपट्टी सोडली तर बहुतेक ठिकाणची शिबिरे हंगामी असतात. आपल्याच जिल्ह्यात ॲम्बी व्हॅलीला काही काळ अशा उड्या झाल्या, पण त्यातून कायमचे शिक्षणकेंद्र उभे राहिले नाही.

देशात पंचवीस-पस्तीस हजारांत मिळते ती टँडम उडी. प्रशिक्षकाच्या पोटाशी तुम्हाला पट्ट्यांनी बांधतात, अर्ध्या तासात सूचना देतात आणि दोघांना मिळून एकच मोठे पॅराशूट असते. वय अठरा पूर्ण हवे, वजन नव्वद-शंभर किलोंच्या आत हवे. बाहेर पडताना कंबर पुढे काढून धनुष्यासारखे वाकायचे आणि उतरताना पाय उचलायचे, एवढेच तुमचे काम. व्हिडिओचे पैसे बहुधा वेगळे. हौस म्हणून हे उत्तमच. पण अशा दहा उड्या घेतल्या तरी एकट्याने उडी घेता येईल असे नाही. एक गोष्ट मात्र नि:संकोच विचारावी: प्रशिक्षकाकडे टँडमचे मानांकन कोणाचे आहे? अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचे असेल, तर त्यामागे किमान पाचशे उड्या आणि या खेळातली तीन वर्षे असतात.

एकट्याने उडायचे तर एएफएफ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्री फॉल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेली ही पद्धत आज बहुतेक जगात चालते. पहिला दिवस जमिनीवरच जातो. मनगटावरचे उंची दाखवणारे अल्टिमीटर वाचणे, हवेत बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा आणि मुख्य म्हणजे बिघाड. छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडली पण दोऱ्यांना पीळ पडला तर काय, अर्धीच उघडली तर काय, ती कोणत्या दांड्याने सोडून द्यायची आणि राखीव छत्री कोणत्या दांड्याने उघडायची. हे इतक्या वेळा घोकून घेतात की विद्यार्थी कंटाळतो, आणि तसा कंटाळा येईपर्यंत घोकावेच. पहिल्या उडीत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पडत असताना तीनदा नुसता हात मागे नेऊन दांडा चाचपायचा आणि साडेपाच हजार फुटांवर खरोखर ओढायचा. म्हणजे साधारण कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर. पुढच्या टप्प्यांत एकेक हात सुटत जातो; मग वळणे, कोलांटी, स्वतःचे स्वतः सावरणे.

अमेरिकी संघटनेचा पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना पंचवीस उड्यांनी मिळतो. त्यात आपली मुख्य छत्री आपणच घडी घालायला शिकावे लागते. राखीव छत्रीला मात्र परवानाधारक रिगरशिवाय, म्हणजे छत्र्यांची घडी आणि देखभाल करणाऱ्या जाणकाराशिवाय, कोणी हात लावायचा नाही, आणि ती तिथल्या नियमाने दर १८० दिवसांनी पुन्हा घडी करून घ्यावी लागते. इथवर पोहोचायला तीन-चार हजार डॉलर लागतात. त्यात व्हिसा, विमानभाडे, राहणे मिळवा. वारा ताशी बावीस-तेवीस किलोमीटरच्या वर गेला की विद्यार्थ्याची उडी रद्द, म्हणून नुसते बसून काढायचे दिवसही धरा. पाच लाखांच्या आत हे भागत नाही. स्वतःचा नवा संच घ्यायचा तर आणखी सात-नऊ हजार डॉलर. वापरलेला निम्म्यात मिळतो. त्यातली एक वस्तू कधी टाळू नये: माणूस बेशुद्ध झाला तरी सुमारे साडेसातशे फुटांवर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र.

एवढे करून धोका किती? अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या, दहा जण दगावले. आकडा लहान आहे, पण तो वर सांगितलेली शिस्त पाळणाऱ्या देशातला आहे.

पैसा नसलेल्यांसाठी जुनी वाट सैन्याची. तिथे उडी फुकट, पण बदल्यात नोकरीची वर्षे द्यायची. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये मूळ अभ्यासक्रमात पाच उड्या होतात, त्यातली एक रात्रीची. छत्री विमानाला अडकवलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते, म्हणून मोकळे पडणे जवळपास नाहीच. मराठी माणसाचा या वाटेशी संबंध जुना. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचीच पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाईलजवळ उतरून पुंगलीचा पूल घेणारी तीच. पाच दिवसांनी ढाक्यात पहिल्यांदा शिरलेले भारतीय सैनिकही तिचेच.

सैन्यात जायचे नाही आणि पाच लाखही नाहीत, अशांना मी कामशेत सुचवीन. पवना खोऱ्याच्या टेकड्यांवर ऑक्टोबर ते मे पॅराग्लायडिंग शिकवतात. सुरुवातीचा काही दिवसांचा अभ्यासक्रम वीस-पंचवीस हजारांच्या घरात बसतो. विमानातून पडण्याचा थरार त्यात नाही, कापड जमिनीवरच फुगवून निघायचे असते. पण वारा वाचणे, छत्री वळवणे, उतरताना नेमक्या क्षणी ब्रेक ओढणे हे सगळे हाताला लागते, आणि पुढे एएफएफला गेलात तर छत्रीखालच्या पाच मिनिटांत ते उपयोगी पडते.

शिवाय घरचे विचारतील म्हणून आधीच पाहून ठेवा: वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींत अपवादांच्या यादीत पॅराशूटने उडी घेणे लिहिलेले असते. साहसी खेळांचे वेगळे संरक्षण मिळते, पण ते उडीच्या तारखेआधी घ्यावे लागते, आणि ते कोणत्या देशात व कोणत्या उंचीपर्यंत लागू आहे हे कंपनीकडून लेखी घ्यावे.