समुद्रतळाची गवेषणा

पारिभाषिक संज्ञा अर्थ नेमका करते, तशी ती क्वचित दिशाभूलही करते. याचे एक बोलके उदाहरण गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कार्यात आढळते.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून प्रेरणा घेऊन ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तिच्या पहिल्या संशोधन जहाजाचे नाव ‘गवेषणी’. (‘गवेषणा’ म्हणजे मुळात गायींचा शोध, काळाच्या ओघात अर्थातून गाय गळाली, शोध तेवढा उरला.) २६ जानेवारी १९८१ रोजी या जहाजाने समुद्रतळावरून भारताचा पहिला बहुधात्विक गोळा वर आणला. दिसायला काळसर बटाटा. पण त्यात मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट हे धातू असतात. शार्कचा एखादा दात किंवा खडकाचा कण यांभोवती पापुद्र्यावर पापुद्रा चढून तो तयार होतो आणि दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. पुढील सर्वेक्षणांच्या बळावर १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागर खोऱ्यातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला मिळाले. करारानुसार त्यातील निम्मे नंतर परत करण्यात आले. तेथील खोली सुमारे पाच किलोमीटर, आणि दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे पाचशे पट.

हे गोळे काढण्याच्या कामाला आपण सर्रास ‘खाणकाम’ म्हणतो. ‘खनिज’ हा शब्दही ‘खन्’ म्हणजे खणणे या धातूपासून आला आहे. परंतु हे गोळे पुरलेले नसतात. मऊ गाळावर उघडे पडलेले असतात. ‘खाणकाम’ म्हटले की डोळ्यांसमोर एक खोल खड्डा येतो. प्रत्यक्षात येथे विस्तीर्ण तळाचा वरचा थर खरवडला जातो, आणि तळावरील बहुतेक जीव नेमके त्याच थरात राहतात. म्हणून प्रस्तुत लेखकास ‘तळउपसा’ ही संज्ञा अधिक प्रामाणिक वाटते.

या शंकेचा शास्त्रीय तपास संस्थेनेच केला. १९९७ मध्ये तिच्या संशोधकांनी त्या खोऱ्यातील एका पट्ट्यात गाळ मुद्दाम ढवळला व आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना केली. ढवळलेल्या जागी तळजीवांची संख्या घटली. तेथे केवळ गाळ हलवला होता. गोळेच उचलले, तर त्यांना चिकटून जगणाऱ्या प्राण्यांसाठी तसा कठीण आधार पुन्हा तयार होण्यास लक्षावधी वर्षे लागतील.