हेडफोन विवर्धक व अंकीय-सदृश परिवर्तक

संगणक, भ्रमणध्वनी इ. साधनांत अंकांच्या रूपाने साठविलेल्या ध्वनीचे सलग बदलणाऱ्या विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनास अंकीय-सदृश परिवर्तक (डॅक) म्हणतात. तो संकेत हेडफोनातील पटल हलविण्याइतका सशक्त करणाऱ्या साधनास हेडफोन विवर्धक (अँप्लिफायर) म्हणतात. संगणकाच्या ज्या भागात ही दोन्ही कार्ये एकत्र होतात त्यास साउंड कार्ड असे नाव आहे. उच्च प्रतीच्या हेडफोनाचे गुण प्रत्यक्ष ऐकू येणे हे या साधनांशी त्याचा मेळ बसण्यावर अवलंबून असते. हा मेळ किंमतीवरून अथवा जाहिरातीतील विशेषणांवरून ठरत नाही. तो हेडफोनाची संवेदनशीलता, त्याचा संरोध व विवर्धकाचा निर्गम संरोध या तीन राशींवरून बऱ्याच अंशी आधीच गणिताने काढता येतो.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेतील नाथानिएल बॉल्डविन यांनी १९१० च्या सुमारास तेथील नौदलासाठी हेडफोन तयार केले. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्या काळी स्फटिक ग्राहीवर कार्यक्रम ऐकणाऱ्यास हेडफोन कानाला लावूनच बसावे लागे. या ग्राहीला विजेचा पुरवठा लागत नसे व विवर्धकही नसे. आकाशकातून आलेल्या क्षीण शक्तीवरच हेडफोन चाले. चल वेटोळ्याचा पहिला हेडफोन १९३७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने बाजारात आणला. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये त्रिमितीय (स्टिरिओ) ध्वनीसाठी हेडफोन तयार केला, तर १९६८ मध्ये झेनहायझर कंपनीचा पाठीमागून उघडा असलेला हेडफोन आला. सोनी कंपनीच्या वॉकमनमुळे (१९७९) हेडफोन घरोघरी पोहोचले. अंकीय ध्वनितबकडी (१९८२) व संगणकासाठीचे साउंड ब्लास्टर कार्ड (१९८९) यांमुळे परिवर्तक हा सर्वसामान्य श्रोत्याच्याही वापरातील भाग झाला. २०१६ नंतर अनेक भ्रमणध्वनींतून हेडफोनाची खाच काढून टाकण्यात आली व बाहेरून जोडावयाच्या लहान परिवर्तकांची गरज वाढली.

हेडफोनाचे विद्युत् गुणधर्म : संरोध म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध होय व तो ओहममध्ये मोजतात. संवेदनशीलता म्हणजे १ मिलिवॉट (मिवॉ.) शक्ती दिली असता कानाशी निर्माण होणारी ध्वनिपातळी होय व ती डेसिबेलमध्ये देतात. काही उत्पादक ती १ व्होल्ट दाबासाठी देतात. दोन हेडफोनांची तुलना करण्यापूर्वी हा फरक तपासणे अत्यावश्यक आहे, कारण ३२ ओहमच्या एकाच हेडफोनासाठी या दोन आकड्यांत सु. १५ डेसिबेल इतके अंतर पडते.

संगीताची सरासरी पातळी ७५ ते ८० डेसिबेल असली, तरी तबल्याची अथवा पखवाजाची एखादी थाप क्षणभर तिच्या २० डेसिबेल किंवा त्याहूनही वर जाते. म्हणून क्षणिक शिखरासाठी ११० डेसिबेलपर्यंत पोहोचण्याची क्षमता विवर्धकात असावी, असे धरले तर पुरेसा अवकाश राहतो. चार प्रातिनिधिक हेडफोनांसाठी ही गरज पुढील कोष्टकात दिली आहे.

| हेडफोनाचा प्रकार | संरोध (ओहम) | संवेदनशीलता (डेसिबेल, १ मिवॉ.ला) | शक्ती (मिवॉ.) | दाब (व्होल्ट) | प्रवाह (मिलिअँपिअर) |
|---|---|---|---|---|---|
| चल वेटोळ्याचा, उच्च संरोधाचा | ३०० | ९८ | १६ | २·२ | ७ |
| चल वेटोळ्याचा, अल्प संरोधाचा | ३२ | ९८ | १६ | ०·७ | २२ |
| समतल चुंबकीय, अल्प संवेदनशील | ५० | ८३ | ५०० | ५·० | १०० |
| कानाच्या आत बसणारा | १६ | ११० | १ | ०·१३ | ८ |

कोष्टकावरून असे दिसून येईल की, पहिल्या दोन हेडफोनांना शक्ती सारखीच लागते, परंतु एकास दाब अधिक लागतो तर दुसऱ्यास प्रवाह अधिक लागतो. भ्रमणध्वनीला जोडावयाचा लहान परिवर्तक साधारणतः १ व्होल्टपर्यंत दाब देतो. तो दुसऱ्या व चौथ्या हेडफोनास पुरतो, पहिल्यास काहीसा अपुरा पडतो आणि तिसऱ्यास मुळीच पुरत नाही. ‘संरोध अधिक म्हणजे हेडफोन चालविण्यास अवघड’ ही समजूत त्यामुळे अर्धसत्य ठरते. ५० ओहमचा तिसरा हेडफोन ३०० ओहमच्या पहिल्यापेक्षा सु. तीसपट शक्ती मागतो.

स्थिरविद्युतीय हेडफोनांत पटलावर शेकडो व्होल्टांचा स्थिर दाब ठेवावा लागतो. त्यांना स्वतंत्र बनावटीचाच विवर्धक लागतो व वरील गणित त्यांना लागू पडत नाही. बिनतारी हेडफोनांत परिवर्तक व विवर्धक आतच बसविलेले असतात. तेव्हा त्यांच्यासाठी ही साधने वेगळी घेण्याचे कारण नाही.

विवर्धकाची निवड : पुरेसा दाब व प्रवाह यांखेरीज विवर्धकाचे दोन गुण पहावे लागतात.

(१) निर्गम संरोध : हा विवर्धकाचा स्वतःचा अंतर्गत संरोध होय. हेडफोनाचा संरोध सर्व कंप्रतांना (दर सेकंदाच्या कंपनसंख्यांना) सारखा नसतो. चल वेटोळ्याच्या हेडफोनात अनुस्पंदनाच्या कंप्रतेजवळ तो दुप्पटही होतो. समतोल आर्मेचर असलेल्या कर्णयंत्रवजा हेडफोनात तो चौपटीनेही बदलू शकतो. निर्गम संरोध मोठा असल्यास दाबाची विभागणी कंप्रतेनुसार बदलते व स्वरांचा तोल ढळतो. उदा., १६ ते ६४ ओहम यांदरम्यान बदलणारा हेडफोन १२० ओहम निर्गम संरोधाच्या विवर्धकास जोडला, तर पातळीत सु. ९ डेसिबेलचा फरक पडतो. निर्गम संरोध २ ओहम असल्यास हाच फरक १ डेसिबेलपेक्षाही कमी राहतो. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९९६ मधील एका मानकात १२० ओहमची शिफारस केली होती व काही जुन्या बनावटीच्या विवर्धकांत तो आढळतो. सध्या मात्र निर्गम संरोध हेडफोनाच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारातील नियम पाळतात. समतल चुंबकीय हेडफोनाचा संरोध जवळजवळ स्थिर असल्याने त्याच्या बाबतीत हा दोष उद्‌भवत नाही.

(२) पार्श्वगोंगाट : संकेत नसतानाही विवर्धकातून अत्यल्प दाब बाहेर पडत असतो. तो १० मायक्रोव्होल्ट असला, तर कोष्टकातील पहिल्या हेडफोनात सु. ३ डेसिबेल इतकाच ध्वनी उत्पन्न होतो व तो ऐकू येत नाही. चौथ्या हेडफोनात मात्र तोच गोंगाट सु. २८ डेसिबेल होतो आणि शांत खोलीत सतत ‘स्‌स्‌’ असा आवाज कानी पडतो. त्यामुळे अतिसंवेदनशील हेडफोनासाठी सामर्थ्यवान विवर्धकापेक्षा शांत विवर्धक श्रेष्ठ ठरतो.

निर्वात नलिकांच्या विवर्धकात सम क्रमाच्या स्वरकांची थोडी भर पडते व काही श्रोत्यांना ती सुखद वाटते. ती आवड म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही, मात्र ती अचूकता नव्हे. दोन परस्परविरुद्ध संकेत वापरणाऱ्या संतुलित निर्गमामुळे मिळणारा दाब दुप्पट होतो. अल्प संवेदनशील हेडफोनासाठी याचा उपयोग आहे, अन्यत्र तो क्वचितच जाणवतो.

परिवर्तकाची निवड : हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यावर आधारलेल्या सिद्धांतानुसार एखाद्या संकेताची पुनर्रचना करण्यास त्याच्या सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदास घ्यावे लागतात. ध्वनितबकडीवर दर सेकंदास ४४,१०० नमुने असतात व त्यांतून २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा, म्हणजे मानवी श्रवणाच्या मर्यादेपर्यंतचा ध्वनी मिळतो. १६ बिटांच्या नमुन्यात सर्वांत मोठा ध्वनी व गोंगाट यांतील अंतर सिद्धांततः ९८ डेसिबेल, तर २४ बिटांत १४६ डेसिबेल असते. प्रत्यक्षात कोणताही परिवर्तक २४ बिटांची मर्यादा गाठत नाही. उत्तम परिवर्तक १२० ते १३० डेसिबेलपर्यंत पोहोचतात.

अलीकडे चांगली संकलित मंडले स्वस्तात उपलब्ध झाल्यामुळे नीट बनविलेल्या दोन परिवर्तकांतील फरक बहुधा श्रवणमर्यादेखाली राहतो. दोन साधनांची तुलना करताना त्यांच्या पातळ्या ०·१ डेसिबेलच्या आत जुळवून घ्याव्यात व कोणते साधन चालू आहे हे श्रोत्यास कळू देऊ नये. किंचित मोठा आवाज हा ‘अधिक चांगला’ भासतो व या भ्रमामुळे पुष्कळ अनावश्यक खरेदी होते. खर्चाचा क्रम प्रथम हेडफोन, नंतर त्यास पुरेसा विवर्धक आणि शेवटी परिवर्तक असा ठेवणे इष्ट ठरते.

मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या प्रयत्नांमुळे ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांबद्दल आस्था वाढली. त्यांपैकी १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यातून मुद्रित केलेल्या गाण्यांत कंप्रतांचा पट्टा फार अरुंद असतो. दर सेकंदास १,९२,००० नमुन्यांचा परिवर्तक त्या गाण्यांत नसलेले स्वर निर्माण करू शकत नाही. याउलट हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपैकी ज्या १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने अंकीय फितीवर मुद्रित झाल्या, त्यांत ओवी गाणाऱ्या स्त्रीचा आवाज व जात्याची खोल घरघर अशा दोन्ही गोष्टी असू शकतात. अशी मुद्रणे ऐकताना निर्गम संरोध व पार्श्वगोंगाट यांचे महत्त्व ध्यानात येते. निर्गम संरोध मोठा असेल, तर चल वेटोळ्याच्या हेडफोनात घरघर फुगते व शब्द तिच्याखाली दबतात.

साउंड कार्ड व वीजपुरवठा : संगणकाच्या आतील कार्डाभोवती चित्रसंस्कारक, पंखे व स्विच पद्धतीचा वीजपुरवठा यांमुळे विद्युत् चुंबकीय व्यत्यय असतो. माउस हलविला असता हेडफोनात किरकिर ऐकू येणे हे त्याचे लक्षण होय. यूएसबी मार्गे जोडलेला बाहेरचा परिवर्तक संगणकापासून दूर ठेवता येतो. बहुतेक वेळा सुधारणा होते ती या अंतरामुळे, परिवर्तकाच्या किंमतीमुळे नव्हे.

पारनेर (जि. अहिल्यानगर) यासारख्या अवर्षणप्रवण भागात आणखी एक अडचण येते. तेथे बेसाल्ट खडकावर मुरमाचा व मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. कोरड्या जमिनीचा विद्युत् रोध वाढल्याने घराची भूयोजना (अर्थिंग) क्षीण होते. अशा वेळी संगणकाच्या धातूच्या कवचाला हात लावल्यास झिणझिण्या येतात व विवर्धकातून ५० हर्ट्‌झची व तिच्या पटीतील गुणगुण ऐकू येते. वीज गेल्यावर चौकोनी तरंग देणारा इन्व्हर्टर सुरू झाला की ही गुणगुण अधिक कर्कश होते.

गुणगुण थांबविण्यासाठी तीनपिनी प्लगमधील भूयोजनेची पिन काढून टाकण्याचा प्रकार आढळतो. तो प्राणघातक ठरू शकतो, कारण निरोधनात दोष उत्पन्न झाल्यास धातूचे कवच व त्यास जोडलेला हेडफोन या दोहोंत पूर्ण दाब येण्याचा संभव असतो. भूयोजनेच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून त्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घालणे, सर्व साधने एकाच फलकावरून जोडणे, लॅपटॉप विद्युत् घटावर चालविणे अथवा संगणक व परिवर्तक प्रकाशीय तंतूने जोडणे हे सुरक्षित उपाय आहेत. प्रकाशीय तंतूतून विद्युत् प्रवाह वाहत नसल्याने व्यत्ययाचा मार्गच तुटतो.

श्रवणसुरक्षा : जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ मधील मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबेल पातळीचा ध्वनी आठवड्यातून ४० तासांहून अधिक ऐकू नये. पातळी ३ डेसिबेलने वाढली की हा काळ निम्मा होतो. त्यानुसार ८९ डेसिबेलसाठी तो ५ तास, तर ९८ डेसिबेलसाठी जेमतेम ३७ मिनिटे उरतो. कोष्टकातील तिसऱ्या हेडफोनासाठी घेतलेला ५ व्होल्टांचा विवर्धक चुकून चौथ्यास पूर्ण पातळीवर जोडला गेला, तर गणिताने १४० डेसिबेलच्याही वर ध्वनी येतो. प्रत्यक्षात हेडफोन त्यापूर्वी निकामी होईल, परंतु तोवर कानास इजा झालेली असेल. म्हणून हेडफोन बदलताना आवाजाचे बटण शून्यावर आणावे, संवेदनशील हेडफोनासाठी विवर्धकाचा अल्प लाभांक निवडावा व जोडणी झाल्यावरच हेडफोन कानाला लावावा. अंतर्कर्णातील केशकोशिका एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. ध्वनिपुनरुत्पादनाच्या या साखळीतील इतर प्रत्येक दुवा बदलता येतो, श्रोत्याचा कान मात्र बदलता येत नाही.