सब्र म्हणजे नुसतं सोसणं नव्हे

घरात कुणी आजारी पडलं की भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एकच शब्द बोलून जातो, 'सब्र करा'. आपणही दुसऱ्याच्या घरी हेच बोलतो. पण आजारी माणसानं नेमकं करायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. आमच्या मोठ्या भाईंना फुफ्फुसाचा टीबी झाला तेव्हा हा प्रश्न आम्हाला पडला.

टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सुरुवातीला मळमळ, तोंडाला चव नाही, लघवी लालसर-नारिंगी. ते पाहून अम्मी रात्रभर रडली. एका औषधाच्या रंगामुळे तसं होतं, हे आधी कळलं असतं तर ती रात्र वाचली असती. तरी हे दिवस भाईंनी नीट काढले. खरी परीक्षा पुढेच होती. खोकला थांबला, वजन वाढलं आणि त्यातच रमजान आला. "अल्लाहनं शिफा दिली, आता गोळ्या कशाला?" असं म्हणत त्यांनी रोजे धरले आणि औषध गुपचूप बंद केलं. अकरा दिवसांनी गोळ्यांची पाकिटं मोजताना भाभींच्या लक्षात आलं.

त्रास थांबला तरी काही जंतू शरीरात सुस्त पडून राहतात. औषध मधेच सोडलं की ते पुन्हा वाढतात, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबीही होऊ शकतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून चुकलेले दिवस भरून काढायला लावले.

भाईंना मात्र डॉक्टरांपेक्षा मोहल्ल्यातल्या मौलानांचं बोलणं पटलं. आजारी माणसानं रोजे नंतर पूर्ण करावेत ही सवलत सूरह बकरामध्ये आहे, आणि ती देणाराही अल्लाहच आहे. उभं राहून नमाज जमत नसेल तर बसून, तेही जमलं नाही तर कुशीवर. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी इलाज करायला सांगितलं आहे. मग गोळी घेणं ईमानाच्या आड कसं येईल?

सब्र म्हटलं की आपण ह. अय्यूब (अलै.) यांचं नाव घेतो. पण त्यांनी आपली तकलीफ आपल्या रबसमोर मांडली, हेही कुरआनात आहे. ह. याकूब (अलै.) तर मुलाच्या दुःखात रडून रडून डोळे गमावून बसले. म्हणजे दुखतंय म्हणणं, रडणं हे सब्र सुटणं नव्हे. सूरह सादमध्ये आणखी एक गोष्ट आहे. शिफा द्यायची वेळ आली तेव्हा ह. अय्यूब (अलै.) यांना जमिनीवर पाय मारायचा हुकूम झाला, आणि अंघोळीला, प्यायला थंड पाणी मिळालं. शिफा अल्लाहचीच, पण पाय त्यांना मारावा लागला. आम्हाला ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती, तिच्यातला पाय मात्र कधी दिसला नव्हता.

एक कबुलीही द्यायला हवी. बहिणीसाठी स्थळं पाहणं चालू होतं, म्हणून आम्ही 'छातीत कफ झालाय' असं सांगत राहिलो. सरकारी दवाखान्यात कुणी ओळखीचं दिसेल म्हणून खासगीत पैसे घातले. खरं तर टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. लपवालपवीत घरातल्या मुलांची तपासणीही लांबली. ती लगेच व्हायला हवी होती. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला काही निघालं नाही.

शेवटी कळलं ते शेजारच्या खालांना. त्यांनी 'सब्र करा' असं एकदाही म्हटलं नाही. रोज सकाळी दारातूनच हाक यायची, "गोळी घेतली का बेटा?" अम्मीनं पाण्यावर दम करून द्यायचं आणि भाईंनी त्याच पाण्याबरोबर गोळी घ्यायची, असं पुढचे महिने चाललं. उपचार पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, थंडीतल्या लहान दिवसांत भाईंनी राहिलेले रोजे एकेक करून धरले. पहिल्या दिवशी इफ्तारीची खजूर खालांकडूनच आली.